मळणीच्या बैलाला मुसकं

आदरणीय ताई, सलाम.

मी जालना जिल्ह्यातली, वय ४३. एका ख्रिस्ती संस्थेच्या मुलींच्या बोर्डिंगात १४ वर्षांपासून स्वयंपाक करते. पहाटे चारला उठते तेव्हा कुठं पोरींच्या शाळेच्या वेळेला भाकरी-भाजी तयार होते. गेल्या जूनमध्ये माझ्या हाताखाली एक नवी मुलगी घेतली. तिला अजून पीठ किती भिजवायचं ते कळत नाही, पण पगार पहिल्या महिन्यापासून माझ्याएवढाच, आठ हजार. त्यात चार महिने झाले, दोघींच्याही हातात अर्धाच पगार पडतो. कमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "बाई, ही नोकरी नाही, सेवा आहे. द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट वाचा." त्याच रविवारी उपासनेत संदेश झाला तो आकाशातल्या पाखरांवर.

घरी येऊन बायबल काढलं. एका ठिकाणी लिहिलंय की कामकरी मजुरीला पात्र आहे. दुसरीकडं, जो काम करत नाही त्यानं खाऊ नये. तिसरीकडं पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी देव त्यांना खाऊ घालतो. आणि एक तासवाल्याला दिवसभर राबणाऱ्याएवढी मजुरी. यातलं खरं कोणतं धरू? की मीच लोभी झालेय? नव्या मुलीशी मी महिनाभर धड बोललेले नाही, त्याचंही वाईट वाटतं. नोकरी सोडून द्यावी का?

— एक स्वयंपाकीण, जालना जिल्हा

बाई, सलाम. वयानं मोठी आहे म्हणून तुला तू म्हणते, राग मानू नकोस.

तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तुला दुखणी दोन आहेत आणि सेक्रेटरीसाहेबांनी दोन्हींवर एकाच बाटलीतलं औषध दिलंय. पगार थकला, हे एक. नवी आली आणि आल्या दिवशी माझ्या बरोबरीची झाली, हे दुसरं. पहिल्याबद्दल शास्त्रात कुठंही दुमत नाही. दुसऱ्याबद्दल शास्त्र जे म्हणतं ते तुला गोड लागेलच असं नाही. आधी पहिलं घेऊ.

बायबलातल्या लेवीय या पुस्तकाचा १९ वा अध्याय उघड. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नकोस, असं तिथं सरळ लिहिलंय. अनुवाद या पुस्तकाचा २४ वा अध्याय आणखी कडक आहे: सूर्य मावळायच्या आत दे. कारणही तिथंच दिलंय, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीकडं लागलेला असतो. यिर्मया तर थेट राजाला सुनावतो, शेजाऱ्याला फुकट राबवून माड्या बांधणाऱ्याला हाय हाय! मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात देव ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो त्यांच्या यादीत जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोट्या शपथा वाहणारे आहेत आणि त्याच ओळीत मजुराची मजुरी अडकवणारेही आहेत. आणि याकोबाच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. मजूर ओरडतात ते नंतर, आधी मजुरी ओरडते. मला ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पाच पुस्तकं झाली. यात कुठंही "सेवा असेल तर सोडून" असं कलम नाही.

आता गंमत बघ. सेक्रेटरीसाहेबांनी तुला जी गोष्ट वाचायला सांगितली ती त्यांनी स्वतः पुरती वाचलेली दिसत नाही. मत्तय २०. संध्याकाळ झाली तेव्हा मळ्याचा मालक कारभाऱ्याला म्हणतो, मजुरांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. संध्याकाळी. त्याच दिवशी. म्हणजे लेवीयचा नियम त्या मालकाला पाठ होता. पहाटे आलेल्यांना ठरलेला एक दीनार मिळाला, त्यातला पैसाही कापला नाही. ज्यानं चार महिने अर्धा पगार दाबलाय त्यानं त्या मालकाची बाजू घेऊन बोलू नये. त्याला त्या गोष्टीत जागाच नाही.

तू विचारतेस, यातलं खरं कोणतं. मी म्हणते, आधी हे विचार की कोणतं वचन कुणी कुणाला म्हटलंय. तुला टोचतात त्यातली निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

पाखरांचं घे. मत्तय सहामध्ये येशू ते बोलतो ते उद्याच्या भाकरीची काळजी करणाऱ्या लोकांना. चिंतेनं झोप उडालेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं ते बोलणं आहे. तेच वाक्य तिजोरीची किल्ली कमरेला असलेल्या माणसानं उच्चारलं की त्याचा अर्थ उलटा होतो. याकोबानं दुसऱ्या अध्यायात हेच पकडलंय: भाऊ-बहीण उघडे आहेत, पोटाला नाही, आणि तुम्ही म्हणता, सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा, पण देत मात्र काहीच नाही, तर त्याचा उपयोग काय?

"काम न करणाऱ्यानं खाऊ नये" हेही तसंच. थेस्सलनीकाच्या मंडळीत काही जण हातावर हात ठेवून बसले होते आणि दुसऱ्यांच्या घरी जेवत होते, त्यांना पौलानं, येशूच्या प्रेषितानं, पत्रात ते लिहिलं. मूळ वाक्यात ज्याची काम करायची इच्छाच नाही असा माणूस आहे. पहाटे चारला चूल पेटवणाऱ्या बाईचा त्या वाक्याशी काही संबंध नाही.

आणि बैल. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको, हा मोशेचा नियम. खळं आता आपल्याकडंही कुठं राहिलंय, मळणीयंत्र येतं आणि तासाभरात उरकून जातं. पण तुझ्या वयाच्या बाईनं लहानपणी पात धरून फिरणारे बैल पाहिले असतील. बैल खळ्यात फिरता फिरता तोंड घालतो, चार कणसं खातो. खाऊ दे, म्हणतो नियम. पौल करिंथकरांना लिहिताना हाच बैल पुढं करतो आणि सांगतो की राबणाऱ्याचा वाटा हा त्याचा हक्क आहे. मग त्याच अध्यायात म्हणतो, मी मात्र हा हक्क वापरला नाही. तो तंबू शिवून पोट भरत होता.

लोक इथं म्हणतात, बघा, पौलानं नाही का फुकट सेवा केली! केली ना. पण हक्क सोडला तो ज्याचा होता त्यानं. पौलाचा हक्क करिंथच्या कमिटीनं बैठक घेऊन सोडला नव्हता. तू एखाद्या महिन्यात म्हणालीस की संस्थेवर वेळ आलीय, माझे दोन हजार राहू द्या, तर ती सेवा. तुला न विचारता ते कापले तर त्याला आपल्याकडं दुसरा शब्द आहे आणि तो दहा आज्ञांमध्ये आठवा आहे.

लूक १७ मधलं "आम्ही निरुपयोगी दास आहोत, करायला हवं होतं तेच केलं" हे वाक्यही तुझ्या कानावर घालतील, तयार राहा. ते दासांनी स्वतःविषयी म्हणायचं आहे. धन्यानं दासांना म्हणायचं नाही. धन्यानं काय करायचं ते त्याच लूकच्या बाराव्या अध्यायात आहे: जागे राहिलेल्या चाकरांना तो जेवायला बसवतो, स्वतः कंबर बांधतो आणि वाढतो. चौदा वर्षांत तुला कमिटीतल्या कुणी एकदा तरी बसवून वाढलंय का? नसेलच. असो.

आता दुसरं दुखणं. इथं मी तुझ्या बाजूनं पुरती नाही.

तुझ्या गावाजवळून सकाळी संभाजीनगरला जाणारी बस धर आणि आठ-साडेआठला कुठल्याही मजूर नाक्यावर उतर. थापी-ओळंबा घेतलेले, नुसती घमेली घेतलेले, हातात डबा धरून उभे. गाडी थांबली की वीस जण धावतात, चौघं बसतात. साडेदहा-अकरापर्यंत गर्दी विरते. जे राहतात ते बहुतेक वयानं वाकलेले, किंवा हडकुळे, किंवा नवखे. ते न उघडलेला डबा घेऊन घरी जातात. त्यांना आळशी म्हणायची माझी हिंमत नाही. येशूच्या गोष्टीत सूर्य मावळायला तास उरला असताना मालक पुन्हा बाहेर पडतो, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण पाच वाजता, आणि उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर इथं रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. सगळ्या गोष्टीत त्यांचं एवढंच बोलणं आहे. दीनार ही तेव्हाची एका दिवसाची मजुरी. त्याच्या बाराव्या हिश्शात कुणाच्या घरी चूल पेटणार होती?

माझे वडील परतूरकडं सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, काही रोख, काही पोती ज्वारी. नऊ वर्षं एकाच वाड्यावर काढली होती. एका पाडव्याला मालकानं नवा गडी ठेवला आणि त्याचं साल वडिलांएवढंच बोललं. वडील घरी आले ते ओट्यावर पाय न धुताच बसले. आईनं विचारलं, "तुम्हाला कमी दिलं का?"

"नाही."

"मग तोंड कामून पाडलंय?"

"त्याला बी तेवढंच दिलं."

आई पुरणाचं पातेलं उतरवत होती. म्हणाली, "मग तुमचं वाढवून मागा की. त्याचं उतरवायला कशाला जाता? त्याला काय लेकरं नाहीत?"

वडिलांनी त्या वर्षी मागितलं नाही, पुढच्या वर्षी मागितलं आणि दोन पोती वाढवून घेतली. पण आईचं ते बोलणं मला द्राक्षमळ्याची गोष्ट वाचताना दर वेळी आठवतं. कारण गोष्टीतले पहाटेचे मजूर काय कुरकुर करतात बघ. "आम्हाला थोडं जास्त दे" असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, "तू यांना आमच्या बरोबरीचं केलंस." मूळ ग्रीकमध्ये मालकाचं उत्तर असं आहे की मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला का? डोळ्यात खुपणं, नजर वाकडी होणं, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

तेव्हा, त्या मुलीला आठ हजार मिळतात यात तुझं काही गेलेलं नाही. चौदा वर्षांची तुझ्या हाताची किंमत कुणी धरली नाही, हे मात्र खरंच गेलंय. त्यासाठी बोट तिच्याकडं नको, कमिटीकडं कर. करिंथकरांच्याच पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, प्रत्येकाला आपापल्या श्रमाप्रमाणं मजुरी मिळेल असंही आहे. जास्त श्रमाला जास्त मोल मागणं हे शास्त्राबाहेरचं नाही.

एक गोष्ट तुला कमिटीपुढं उपयोगी पडेल म्हणून सांगते. पहिलं शमुवेल, अध्याय ३०. दावीद चारशे माणसं घेऊन शत्रूच्या मागं गेला. दोनशे जण इतके थकले होते की बसोर ओढ्यापाशीच राहिले, सामानाजवळ. लूट घेऊन परतल्यावर लढलेल्यांतले काही म्हणाले, यांना त्यांच्या बायका-पोरांशिवाय काही देऊ नका. दावीद म्हणाला, छे, जो लढाईवर गेला आणि जो सामानाजवळ राहिला, दोघांचा वाटा सारखा. पुढं तो इस्राएलात कायमचा नियम झाला. बोर्डिंगात मुख्याध्यापक, पाळक, वॉर्डनबाई हे लढाईवर गेलेले. सामानाजवळ कोण आहे ते मी सांगायला नको. त्यांचा पगार चार महिने अर्धा झालाय का, हे एकदा हळूच विचारून बघ.

तुला वाटेल, या ताईनं सगळ्याच गाठी सोडवल्या. नाही. काही वचनं खरोखर एकमेकांसमोर उभी आहेत आणि ती तशीच राहू द्यावीत असं माझं मत आहे. नीतिसूत्रं म्हणतं, मुंगीकडं जा, उद्योग्याचा हात धनवान होतो. उपदेशक म्हणतो, वेगवानाला शर्यत आणि शहाण्याला भाकर मिळतेच असं नाही, सगळं वेळेवर आणि प्रसंगावर. मराठवाड्यात राहून यातलं एकच खरं कसं म्हणणार? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी ज्याचं रान वाळलं तो आळशी होता का? आणि म्हणून पेरणीच करू नये का? बायबलातल्या ईयोबावर दुःखाचा डोंगर कोसळला तेव्हा त्याचे मित्र हेच करून फसले. एकच नियम हातात धरला आणि दुःखी माणसाच्या डोक्यात घातला. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर.

रुपयांच्या, म्हणजे तालांतांच्या दाखल्याचं तर मला अजून पचलेलं नाही. एक तालांत म्हणजे जवळजवळ वीस वर्षांची मजुरी. एवढं धन भीतीनं पुरून ठेवणाऱ्या चाकराचं काढून, ज्याच्याकडं आधीच दहा आहेत त्यालाच दिलं जातं. पाळकांनी मला पाच तऱ्हांनी समजावलंय. मी मान डोलावते आणि घरी येऊन पुन्हा वाचते.

आणि कृपेचं काय, असं तुला कुणीतरी विचारेल: तारण फुकट आहे, तर मग मजुरीचा हिशेब कशाला? रोमकरांस चौथा अध्याय दाखव त्याला. काम करणाऱ्याची मजुरी ही कृपा म्हणून मोजत नाहीत, देणं म्हणून मोजतात, असं पौल तिथं लिहितो. देवाची कृपा कशी वेगळी हे सांगण्यासाठीच त्यानं मजुरीचा दाखला घेतला. मजुरी हे देणं नसतंच तर त्याचा दाखलाच पडला असता.

आता काय करायचं ते. मत्तय १८ मध्ये पायऱ्या दिल्यात: आधी एकट्यानं जाऊन बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. पहिली पायरी तू चढलीस. दुसऱ्या पायरीला एका कागदावर अर्ज लिही. कोणत्या महिन्याचे किती मिळाले, किती राहिले, तारखेनिशी. चौदा वर्षांच्या नोकरीचा उल्लेख कर आणि पगारवाढीची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिही, थकबाकीत मिसळू नकोस. हजेरीचं मस्टर असेल तर फोनवर फोटो काढून ठेव. दोन प्रती, एकीवर पोच. त्या मुलीचीही सही घे, तिचेही पैसे राहिलेत.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा, हे १९३६ च्या वेतन कायद्यातही होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. आठ हजार हे किमान वेतनापेक्षा कमी भरतात का, हे जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचार. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तिथपर्यंत गेलीस तर कुणीतरी करिंथकरांचा सहावा अध्याय काढेल, भावाभावांनी कोर्टात जाऊ नये म्हणून. त्याला प्रेषितांची कृत्ये २५ वाचायला दे. न्याय मिळत नाही असं दिसलं तेव्हा पौलानं स्वतः कैसराकडं, म्हणजे रोमच्या बादशहाकडं, दाद मागितली होती.

नोकरी आत्ता सोडू नकोस. रागात सोडलीस तर थकलेले पैसे मागायला पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागेल. पाच वर्षांपेक्षा जास्त सलग नोकरी झालीय. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ग्रॅच्युइटीही लागते, तीही आधी विचारून घे. पैसे हातात आल्यावर सोडायचं की नाही ते ठरव, तेव्हा मला पुन्हा लिही.

तू लोभी नाहीस. लोभी माणूस शेजारणीशी अबोला धरला म्हणून पत्रात वाईट वाटून घेत नाही. उद्या पहाटे तिला परातीजवळ बसव आणि किती पिठाला किती पाणी ते एकदा दाखव. दाखवता दाखवता तिच्या घरी खाणारी तोंडं किती, तेही विचार.

अर्जाची पोच द्यायला त्यांनी का-कू केलं तर स्पीड पोस्टानं पाठव. पावती मसाल्याच्या डब्यात नको, हरवते. बायबलात ठेव, याकोबाच्या पाचव्या अध्यायापाशी.